तनाकाचं सुतक

आमच्या खाणीवर माझ्या नोकरीच्या काळात तीन तनाका आले. त्यांतल्या तिसऱ्याला मी सुतक घातलं. धडधाकट, हसऱ्या तोंडाच्या, नात्यागोत्याचा काडीचा संबंध नसलेल्या जपानी माणसाला सुतक घालणारा अख्ख्या गोव्यात मी एकटाच असेन, आणि हा मान कुणी माझ्याकडून काढून घेईल असं वाटत नाही. लोक निवृत्त झाल्यावर आपण मिळवलेल्या ढालींबद्दल लिहितात. माझ्याकडे ढाल नाही, हे सुतक आहे.

मी सॅम्पलर होतो. पार्सेत आमच्या घरी अजूनही कुणाला हे नीट कळलेलं नाही. आई शेजारणींना सांगायची, "वासू डिचोलेक माती चाळता." ते तसं खोटं नव्हतं. बाहेरच्यांना कळावं म्हणून थोडं सांगतो. खाणीतून लोखंडाचं खनिज निघतं, टिप्परमधून धक्क्यावर जातं, तिथून बार्जमधून मांडवीतून खाली, आणि मुरगावला बोटीत. बोट जपानला. आता त्या बोटीत जो लाल डोंगर भरलेला असतो त्यात लोखंड किती, पाणी किती, माती किती, हे सांगायचं कोणी आणि कसं? सगळा डोंगर तर काही तपासता येत नाही. म्हणून आम्ही ठरावीक अंतरानं एकेक फावडं माल काढतो. तो एकत्र करून ढीग घालायचा, ढीग दाबून भाकरीसारखा चपटा करायचा, भाकरीचे चार तुकडे करायचे, समोरासमोरचे दोन फेकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे. पुन्हा ढीग, पुन्हा भाकरी. असं करत करत डोंगराची मूठ होते. मग ती मूठ दळायची, वाळवायची, आम्लात विरघळवायची आणि काचेच्या नळीतून तिच्यात थेंब थेंब औषध सोडत बसायचं. एका थेंबाला सगळं पाणी जांभळं होतं. त्या थेंबाशी थांबायचं. पुढे एक थेंब गेला की आकडा चुकला. मी कितीतरी वेळा पुढे गेलो आहे. जांभळा रंग मला फार आवडायचा.

हे सगळं खरेदीदारांच्या माणसासमोर करायचं. तो माणूस म्हणजे जपानी इन्स्पेक्टर. पहिला तनाका असाच आला आणि दोन वर्षं राहिला. ठेंगणा, टक्कल पडलेला, मोठ्यानं हसणारा. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. म्हणाला, "तू चांगले दगड बघून उचलतोस." मी म्हटलं, नाही साहेब. तो म्हणाला, "तू नाही, तुझा हात उचलतो. चकचकीत दगडाकडे हात आपोआप जातो. म्हणून फावडं मारताना आकाशाकडे बघायचं." मी आकाशाकडे बघितलं आणि फावडं मारलं ते माझ्याच पायावर. नखं गेली. तनाका मला स्वतः जीपमधून डॉक्टरकडे घेऊन गेला आणि वाटभर हसत होता. पण त्यानं शिकवलेलं मी पुढे जन्मभर पाळलं, फक्त पाय आधी बाजूला घ्यायचो.

या तनाकाला मी दोनदा पार्सेला घरी नेलं. आईनं बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली. तो पाटावर मांडी घालून जेवला. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "हेचो गाव खंयचो? घरात कोण कोण?" मला माहीत नव्हतं. आईच्या चेहऱ्यावर मी काहीतरी गुन्हा केल्याचा भाव आला.

इथे आमच्या पेडण्याची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे माणूस म्हणजे त्याची भावकी. तुम्ही धारगळच्या बसथांब्यावर उभे राहा, पाच मिनिटांत कोणीतरी म्हातारा विचारील, "कोणाचो रे तू?" तुम्ही आडनाव सांगितलं की तो वाडा विचारतो, वाडा सांगितला की आजोबा, आणि बस यायच्या आत तो तुम्हाला तुमची एक मृत चुलतआत्या शोधून देतो. पण एक गोष्ट आहे. हे सगळं आपण आपल्या माणसाला विचारतो. परक्याला विचारणं बरं दिसत नाही. परक्याचं नातं आम्ही त्याच्या पाठीमागे, आपापसात बसून, ठरवतो.

म्हणून दुसरा तनाका आला तेव्हा आम्ही ठरवलं, हा पहिल्याचा भाऊ. उंच होता, काटकुळा होता, हसायचा म्हणून नाही. पण आडनाव एक, कंपनी एक, टोपीसुद्धा एक. आई म्हणाली, "भाव भाव सारके नसतत. तुजे काका बघ." काकांचं उदाहरण दिल्यावर आमच्या घरात वाद संपतो. तेव्हापासून ते थोरले तनाका आणि हे मधले तनाका. मधले सहा महिन्यांनी परत निघाले तेव्हा मी त्यांच्याकडे थोरल्यांसाठी एक पुडकं दिलं. काजू, आमसुलं आणि फणसाची साटं, म्हणजे फणसपोळी. "तुमच्या भावाला द्या," असं मोकळेपणानं सांगायला हवं होतं, पण मला वाटलं, न सांगताच कळेल. मी नुसतं म्हणालो, "तनाकांना द्या." पुडक्यावरही तेवढंच लिहिलं होतं. मधल्यांनी पुडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मान लववली आणि पुडकं घेतलं. वर्षाच्या आत थोरल्यांचं आभाराचं कार्ड आलं. मी ते कार्ड घेऊन अख्ख्या ऑफिसात फिरलो. बघा, म्हटलं, घरचाच माणूस म्हणून पोचलं.

आता तिसरा.

त्या वर्षी आमच्या खाणीला नवीन पीट लागला होता. जुन्या पीटातला माल संपत आला होता. नवीन पीटाचा माल खरेदीदारांना पसंत पडला तर काम पुढे चालणार, नाही तर पावसाळ्याआधी बंद. पसंत पडायचा म्हणजे काय, तर जपानी इन्स्पेक्टरनं स्वतः पीटात उभं राहून आठ ठिकाणी चर खणून घ्यायचे, प्रत्येक चरातलं सॅम्पल तपासायचं, आणि अहवाल लिहायचा. जेवढे चर तो बघेल तेवढ्याच भागाचा अहवाल.

चर खणणार होती बुधाजी गवसाची माणसं. बुधाजी मुकादम, दोडामार्गच्या बाजूचा. चाळीस माणसं त्यानं आपल्या गावातून आणि आसपासच्या वाड्यांतून आणली होती. बायका धरून. पीट चालला तर ही चाळीस माणसं राहणार होती, नाही तर बुधाजीनं ज्या घरांतून त्यांना उचलून आणलं त्या घरांपुढे त्यालाच जाऊन उभं राहावं लागणार होतं. तो मला एकदा म्हणाला होता, "वासूभाव, मी तेंका सांगून हाडलंय, तीन वर्सां काम असा. काम गेला तर तेंका तोंड कसा दाखवू?"

सोमवारी सकाळी जपानहून ऑफिसात पत्र आलं. त्यात कामाच्या गोष्टी होत्या, आणि शेवटी एक ओळ होती: आपल्याकडे पूर्वी दोन वर्षं असलेले श्री. तनाका वारले. मी डोकं धरून बसलो. त्याच संध्याकाळी दाबोळीच्या विमानतळावरून गाडी आली आणि कारापूरजवळच्या आमच्या गेस्ट हाऊसपुढे तिसरा तनाका उतरला. तरुण. काळा टाय. चेहरा उतरलेला. एक शब्द बोलेना.

मी काय समजायचं?

आज कळतं की त्याला रस्त्यानं मळमळलं होतं. त्या वेळचे आमचे रस्ते ज्यांनी बघितले आहेत ते त्याला दोष देणार नाहीत. पण मला दिसला तो काळा टाय. मी पुढे झालो, म्हणालो, "तनाकांचं फार वाईट झालं." त्यानं खाली बघून मान लववली. झालं. धाकटा भाऊ, दुःखात, घर सोडून कामावर आलेला. आमच्या घरात मयत झालं असतं तर आम्ही उंबरठा ओलांडला नसता.

मी स्वयंपाकघरात गेलो. गेस्ट हाऊसची स्वयंपाकीण मारीकीन. पन्नाशीची, ख्रिस्ती, शिवोलीची, जिभेची धार सुरीपेक्षा जास्त. तिनं पाहुण्यासाठी इसवण मासा आणून ठेवला होता. मी म्हटलं, "मारीकीन, नुस्तें नको. फोडणी नको. तिखट नको. पेज कर, नि मूग उकड."

"दुयेंत आसा तो?"

"आजारी नाही, सुतक आहे. भाऊ वारला."

मारीकीननं छातीवर क्रूस काढला, मग कमरेवर हात ठेवले. "भाव मेलो म्हूण जिवंत मनशाक उपाशी मारतलो तूं? आमच्यांत काळें कापड घालतात आनी बरें जेवतात."

"तो काळं घालून आलाच आहे. उरलेलं आमच्या पद्धतीनं."

"तुमच्या पद्धतीन! तो जपानी, तूं हिंदू, हांव क्रिस्तांव. इसवणाची पद्धत कोणें इचारली?"

इसवण तिनं आणि ड्रायव्हरनं खाल्ला. तनाकापुढे पेज गेली. आणि बघा दैवाची करणी, त्यानं त्या पेजेपुढे दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि मग चमचा उचलला. मी दारातून बघत होतो. माझे डोळे भरून आले. (जपानात जेवणाआधी सगळेच हात जोडतात. थोरला तनाकाही जोडायचा. पण थोरला बांगड्याला जोडायचा, तेव्हा मला वाटायचं बांगडा आवडतो म्हणून.) पेज त्यानं तीनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, नवीन पीटात देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. नारळ फोडल्याशिवाय बुधाजीची माणसं नव्या पीटात पाऊल टाकणार नव्हती. मॅनेजरसाहेबांच्या मनात नारळ जपानी पाहुण्याच्या हातून फोडायचा होता, फोटो काढायचा होता. साहेब त्या दिवशी पणजीला गेले होते, सगळं माझ्यावर सोपवून. मी सकाळीच बुधाजीला बाजूला घेतलं.

"नारळ त्याच्या हातात देऊ नको. त्याला सुतक आहे."

बुधाजी थबकला. "कोणाचा?"

"थोरल्या तनाकाचं. सख्खा भाऊ."

सख्खा हा शब्द माझा. नुसतं 'भाऊ' म्हणून भागलं असतं, पण बोलण्याच्या भरात मी नेहमी एक थेंब पुढे जातो.

बुधाजीनं डोक्याचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. तो विचार करताना असं करायचा. "नारळ मी फोडतंय. पण तो पीटात येतलो मां?"

"येणार. त्याच्याशिवाय सॅम्पल कसं घेणार?"

"मगे कसा व्हतला? आज देवाक गाऱ्हाणा घालूचा नि सुतक्याक त्याच जाग्यार हाडून उभो करूचो? माजी माणसां उतराची नाय. पीट नवो, वर दरड. काय झाला तर?"

"मग काय करायचं?"

"सुतक फिटांदे."

"किती दिवस?"

"सख्खो भाव म्हणतास मां? धा."

तनाका शनिवारच्या विमानानं परत जाणार होता.

मी तनाकाला जाऊन सांगितलं, आज सुट्टी आहे, देवाची. तो म्हणाला, छान. उद्या? उद्यापण, मी म्हटलं. देव मोठा आहे. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि मूग खाल्ले. दिवसभर तो गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात बसून नवीन पीटाच्या लाल दरडीकडे बघत राहिला. मला वाटलं, भावाची आठवण काढतोय.

बुधवारी दुपारी मॅनेजरसाहेब परत आले. पीटात शुकशुकाट. चाळीस माणसं झोपड्यांपुढे बसून विड्या ओढतायत. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी सगळं सांगितलं. साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, नळीतल्या थेंबाकडे बघावं तसे.

"परब, तो त्याचा भाऊ आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"तनाका आहे ना साहेब तो."

"तू त्याला विचारलंस?"

"परक्याला कसं विचारणार, साहेब?"

"जा आणि विचार. आणि भाऊ निघाला तर मला तोंड दाखवू नकोस. नाही निघाला तरी दाखवू नकोस, पण कळव."

गेस्ट हाऊसवर तनाका जेवत होता. मूगच. मी समोर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या माणसाला त्याची भावकी विचारली. थोरले तनाका तुमचे कोण?

त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. मग त्यानं खिशातून पेन काढलं, कागदी रुमालावर एक चौकोन काढला, चौकोनात एक उभी, एक आडवी रेघ मारली. म्हणाला, हे भाताचं शेत, बांध घातलेलं. शेजारी दुसरं अक्षर काढलं. याचा अर्थ मधे. तनाका म्हणजे शेतांच्या मधला. पूर्वी जपानात साध्या शेतकऱ्याला आडनावच नसायचं. मग सरकारचा हुकूम निघाला, प्रत्येकानं आडनाव घ्या. ज्याचं घर शेतांच्या मधे तो झाला तनाका. जपानभर शेतं, जपानभर तनाका. "माझ्या शाळेच्या वर्गात आम्ही चार होतो," तो म्हणाला. "कंपनीत तर मोजत नाही. फोनवर विचारतात, कुठल्या खात्यातले?"

म्हणजे आमच्याकडचे नाईकच की! माझ्या पायाखालची लाल माती सरकली.

"आणि मधले तनाका? उंच? त्यांच्याकडे मी पुडकं दिलं होतं."

"ते ओसाकाचे. थोरले उत्तरेचे, बर्फाकडचे. मी दक्षिणेचा." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे ते पुडकं तुम्ही पाठवलं होतं? काजूचं? ते आमच्या ऑफिसात आठ महिने फिरत होतं! वर फक्त 'तनाका' लिहिलेलं. प्रत्येक तनाकाकडे गेलं. प्रत्येकानं थोडे काजू खाल्ले, आपलं नाही म्हणून पुढे पाठवलं. थोरल्यांकडे पोचलं तेव्हा आत ती आंबट सालं तेवढी होती."

"साटं?"

"साटं मी खाल्ली," तनाका म्हणाला आणि मान लववली.

मी इतका खूश झालो की त्याला मिठी मारायची बाकी ठेवली. नातं नाही! सुतक नाही! तसाच धावत बुधाजीच्या झोपडीवर गेलो. बायका जात्यावर बसाव्यात तशी सगळी माणसं भोवती जमली.

"बुधाजी, तो त्याचा कोणी नाही! नुसतं आडनाव एक. गाव वेगळा, घर वेगळं!"

बुधाजी हसायलाच लागला. "अरे वासूभाव, आमच्या दोडामार्गात दगड मारल्यार गवसाक लागता. सगळ्यांचा सुतक धरूक लागलंय तर मी जल्मात नुस्त्याक हात लावूचंय नाय! तुमी परब, तुमकां ह्या समाजला नाय?"

सगळे हसले. मीपण हसलो. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी आनंदानं पुढे म्हणालो, "नातं कसलं, तो तर नुसता त्याच्या हाताखाली शिकलेला. फावडं कसं धरायचं तेसुद्धा त्यानंच याला शिकवलं. गुरू होता तो त्याचा."

हे तनाकानं मला जाता जाता सांगितलं होतं. थोरल्यांच्या टेबलाशेजारी त्याचं टेबल, सहा वर्षं. ऑफिसात त्यांना मोठा तनाका आणि लहान तनाका म्हणत.

बुधाजीचं हसू थांबलं. "गुरू?"

"म्हणजे तसा गुरू नव्हे..."

"वासूभाव, गुरूचा सुतक असता. तीन दिसांचा."

भावाचं उतरवलं आणि गुरूचं चढवलं, तेही स्वतःच्याच तोंडानं. चाळीस जोडी डोळे माझ्यावर. बुधाजीनं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं.

"एक सांग. तेणे ऐकलां कधी? मेल्याचा?"

"आमच्याकडे पत्र सोमवारी आलं."

"तुमकां इला. तेका कधी कळला?"

हेही मी विचारलं नव्हतं. पुन्हा गेस्ट हाऊस. एव्हाना संध्याकाळ होत आली होती. तनाका म्हणाला, थोरले वारले त्याला तीन आठवडे झाले, त्याला त्याच दिवशी कळलं. मी पुन्हा बुधाजीकडे.

"तीन आठवडे!" बुधाजीनं कपाळावर हात मारला. "अरे, मगे गुरू असो नायतर सख्खो भाव असो, सुतक कधीच फिटला! तू पयल्या दिसा ह्या एक इचारलां असतास तर?" मग गंभीर झाला. "आता एकच. आयकल्यार न्हालो काय नाय, इतक्या इचारून ये."

जपानी पाहुण्याला तुम्ही गेल्या तीन आठवड्यांत आंघोळ केली का, असं कसं विचारावं याचं शिक्षण मला कुठल्याच शाळेत मिळालेलं नव्हतं. मी व्हरांड्यात तीन फेऱ्या मारल्या. मारीकीन खिडकीतून बघत होती. शेवटी विचारलं. तनाका उभा राहिला, दोन्ही हात मांड्यांना लावून म्हणाला, "रोज. कधीकधी दोनदा." मग जरा काळजीनं विचारलं, "वास येतो का?"

"ना रे बाबा," मारीकीन आतून ओरडली, "वास तुका न्हय, ह्या मनशाच्या मेंदूक येता!"

गुरुवारी सकाळी बुधाजीनं गाऱ्हाणं घातलं, नारळ तनाकाच्या हातून फोडला. पहिल्या आपटीत फुटला. माणसं उतरली. त्या दोन दिवसांत त्यांनी जेवायची सुट्टी अर्ध्यावर आणली. तनाका स्वतः चरात उतरून फावडं घ्यायचा, आकाशाकडे बघायचा आणि मारायचा. मी शेजारी, पाय बाजूला घेऊन. बायका लाल मातीची घमेली वर पोचवायच्या आणि म्हणायच्या, "ह्यो वर कित्याक बघता रे? इमान बघता काय आपला?"

शुक्रवारी सूर्य मावळला तेव्हा पाच चर झाले होते. तीन राहिले. राहिलेले पूर्वेच्या कोपऱ्यातले, आणि पीटाचा निम्मा माल त्याच कोपऱ्यात. पाच चरांचा अहवाल म्हणजे निम्म्या पीटाचा अहवाल. निम्म्या पीटाला चाळीस माणसं लागत नाहीत.

बुधाजी पीटाच्या कडेवर उकिडवा बसला होता. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो खाली मातीत काडीनं रेघा ओढत होता. माझ्या लक्षात आलं, तो माणसं मोजतोय. कोणाला ठेवायचं, कोणाला परत न्यायचं.

मी गेस्ट हाऊसवर गेलो. तनाका बॅग भरत होता. मी दारात उभं राहून सगळं सांगितलं. पत्र, काळा टाय, पेज, सख्खा भाऊ, देवाची सुट्टी जी नव्हतीच, गुरू, आंघोळ. म्हणालो, माणसांनी काम बंद ठेवलं नाही, मी ठेवायला लावलं. दोन दिवस मी खाल्ले. तुम्हाला लिहायचंच असेल तर माझं नाव लिहा, त्यांचं नको.

तो हसायला लागला. इतका हसला की बॅगेवर बसला. आंघोळीचं आठवून पुन्हा हसला. थोरले हसायचे अगदी तसं, भिंतीला हात लावून. हसता हसता त्यानं विचारलं, "म्हणजे ती पेज... सुतकाची?"

"हो."

"मला वाटलं, माझं पोट बिघडल्याचं तुम्हाला कळलं. लहानपणी पोट बिघडलं की आई तशीच पेज करायची."

मग तो बॅगेवरून उठला. थोरल्यांच्या अंत्यविधीला त्याला जाता आलं नव्हतं, तो म्हणाला. त्यांचं गाव दूर, बर्फाकडे, आणि सुट्टी नातलगालाच मिळते. त्या दिवशी तो ऑफिसात होता. शेजारचं टेबल रिकामं होतं, त्यावर कोणीतरी फायली आणून ठेवल्या.

"इथे दोन दिवस मी काही न करता बसलो होतो," तो म्हणाला. "त्या दरडीकडे बघत. तीन आठवड्यांत पहिल्यांदा."

त्यानं बॅगेतून शर्ट पुन्हा बाहेर काढले. मुंबईच्या ऑफिसला तार करायला मला डिचोलीला जीप काढायला सांगितली. तारेत काय लिहिलं ते मी बघितलं नाही, पाकीट बंद होतं. मंगळवारपर्यंत राहायची परवानगी आली एवढं खरं.

शनिवार-रविवारी तिन्ही चर झाले. सोमवारी प्रयोगशाळेत शेवटची मूठ विरघळली. नळी तनाकानं माझ्या हातात दिली. बुधाजी दारात उभा होता. आत यायला तो तयार नव्हता, पाय लाल आहेत म्हणून. थेंब, थेंब, थेंब. एका थेंबाला पाणी जांभळं झालं आणि मी थांबलो. तनाकानं आकडा मांडला, पेननं खाली रेघ ओढली, वळून दाराकडे बघितलं आणि बुधाजीला मान लववली. बुधाजीनं माझ्याकडे बघितलं.

"चालता?"

"चालता. सगळो पीट."

तो वळला आणि उतारावरून झोपड्यांकडे निघाला. आधी चालत, मग धावत.

अहवाल इंग्रजी छापील फॉर्मवर असायचा. साक्षीदार म्हणून माझी सही लागायची. मंगळवारी मी सही करायला वाकलो तेव्हा एका रकान्यावर नजर गेली. तपासणीला लागलेला जादा वेळ, आणि त्याचं कारण. मी तिथे माझं नाव शोधलं. नव्हतं. बुधाजीचं नव्हतं, सणाची सुट्टी नव्हती. तनाकानं तिथे आपल्या बारीक, नीट अक्षरात लिहिलं होतं: घरात मृत्यू.

मी म्हटलं, "पण तुमचं तर काही नातं नाही."

त्यानं पेनाला टोपण लावलं. "सही करा, परब-सान," तो म्हणाला. "गाडी थांबली आहे."